भरपाई कोणाच्या नावावर?

गोव्यात रस्ता रुंद व्हायचा असो की नवा पूल यायचा असो, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा वाद शेवटी एकाच खुंटीला येऊन अडकतो: गेलेल्या जमिनीच्या भरपाईचा चौरस मीटरला दर काय? मग कोणीतरी मला ओढतो. "तू सांग रे, बॉस्टनात कसं करतात?" विचारणाऱ्याला हवं ते उत्तर ठरलेलं असतं. अमेरिकेत सगळं शिस्तीत, लोकांना विचारून होतं, असं मी लिहायचं आणि त्याने सरकारला आणखी दोन शिव्या हासडायच्या.

तसं लिहायला माझा हात धजत नाही, कारण कामावर जाताना मी बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनला उतरतो. तिथून जवळच, लोमास्नी वे नावाच्या रस्त्यावर, विटांची एक अरुंद चार मजली इमारत एकटीच उभी आहे. शेजार नाही, अंगावर जाहिरातींचे फलक. वेस्ट एंड या जुन्या वस्तीतल्या भाडेकरूंच्या इमारतींपैकी उरलेली ही शेवटची. बाकी सगळी वस्ती, इटालियन, ज्यू, पोलिश कामगारांची, 'झोपडपट्टी' असा शिक्का मारून १९५८ पासून दोनेक वर्षांत भुईसपाट केली गेली. हे काम केलं बॉस्टन रिडेव्हलपमेंट ऑथॉरिटीने. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं मंडळ पाच जणांचं: चार महापौरांनी नेमलेले, एक राज्याने. मतदाराने निवडलेला एकही नाही. जागा ताब्यात घेणं, माणसं हलवणं, मोकळी जमीन बिल्डरच्या हवाली करणं, सगळं एकाच छपराखाली. पणजीत स्मार्ट सिटीची कामं वेगळ्या कंपनीकडे गेली आणि शहरभर खड्डे पडले, तेव्हा 'जाब विचारायचा कोणाला' म्हणून पणजीकर चिडले होते. बॉस्टनकरांना तो प्रश्न जुनाच आहे.

वेस्ट एंडमधून अडीच हजारांहून अधिक कुटुंबं उठली. तिथे नंतर आलेल्या टॉवरांचं भाडं त्यांच्यातल्या बहुतेकांना परवडणारं नव्हतं. टीव्हीवरच्या 'स्टार ट्रेक'मधला टोकदार कानांचा स्पॉक, म्हणजे लिओनार्ड निमॉय, त्याच गल्ल्यांत वाढला. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव कुर्डी गोव्यातल्या साळावली धरणाखाली गेलं, तसं याचं बालपण बुलडोझरखाली गेलं. कुर्डी निदान उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं आणि वाडे-वालकिणीला वसवलेली माणसं सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. वेस्ट एंडच्या लोकांना काय मिळालं? ऑथॉरिटीची माफी, तीही २०१५ साली!

तेव्हा अमेरिकेचे गोडवे नकोत. पण अशा वस्त्या देशभर उठवून झाल्यावर इथे १९७० चा पुनर्वसन कायदा आला, आणि त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. केंद्राचा पैसा लागलेल्या प्रकल्पात भाडेकरूही मोजला जातो. त्याला किमान ९० दिवसांची लेखी नोटीस, सामान हलवण्याचा खर्च, आणि नवीन घराचं भाडं जास्त असेल तर ४२ महिन्यांचा फरक, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. जमीन कोणाची हा हिशेब वेगळा, राहतं कोण हा वेगळा.

आपल्याकडे व्यवहारात हे दोन हिशेब एकच धरले जातात. आम्ही भाटकार, म्हणजे जमीनमालक, पण नारळ उतरवायला माणूस मिळत नाही असले भाटकार. काही वर्षांपूर्वी रस्त्यासाठी आमच्या भाटाची, म्हणजे माडांच्या बागेची, कड गेली. नोटीस निघाली ती एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावरच्या नावांना: वारलेले आजोबा, त्यांचे वारलेले भाऊ, लिस्बनला स्थायिक झालेली एक आत्या. आमच्या मुंडकार काकीचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारीचं, दोन खोल्यांचं घर त्याच कडेवर होतं. तिचं नाव 'इतर हक्क'च्या रकान्यातसुद्धा नव्हतं. मुंडकार म्हणून नोंद व्हावी हा अर्ज तिच्या नवऱ्याने हयातीत केलेला; मुंडकार कायदा १९७५ चा, तारखा अजून पडताहेत. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा दावा, रखडली म्हणून आमचे पैसे कोर्टात अडकले. काकीचे अडकले नाहीत, कारण ते नव्हतेच. ती आता मुलाबरोबर भाड्याच्या खोलीत राहते.

२०२५ च्या मार्चमध्ये उड्डाणपुलासाठी पर्वरीच्या खाप्रेश्वराचं देऊळ आणि वड हलवले, तेव्हा आमचा ग्रुप रात्रभर जागा होता. राखणदाराला जागेवरून उठवायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हे, हे मलाही कळतं. पण त्या पट्ट्यातल्या भाड्याच्या दुकानांचं काय, यावर आमच्यातल्या एकानेही ओळ खरडली नाही.

यावर ठरलेली हरकत येते: कागद नसलेल्यांना द्यायचं म्हटलं की उद्या कोणीही बाहेरचा येऊन पत्रे ठोकेल. भीती खोटी नाही. म्हणूनच केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षांची अट आहे. संपादनाआधी तीन वर्षं शहरी भागात तिथे राहणारं, किंवा कुठेही त्या जागेवर पोट असलेलं कुटुंब 'बाधित' ठरतं, मग उतारा कोणाच्याही नावावर असो. राहतं घर गेलं तर घर द्यायचं; शहरी भागात ते किमान ५० चौरस मीटरचं. आधी बाधित कुटुंबांची पाहणी, मग पुनर्वसनाचा मसुदा, त्यावर जाहीर सुनावणी. बॉस्टनहून काही आणायची गरजच नाही. ती पाहणी झाली का, यादीत कोण आहे, हे सुनावणीत उभं राहून विचारणारा हवा. आपण तिथे जातो आणि दर विचारून परततो.

मी हे ग्रुपवर टाकलं तेव्हा चुलतभावाने लगेच विचारलं, "म्हणजे भाटकाराच्या भरपाईतून कापणार?" नाही. पुनर्वसनाचा खर्च जमीन घेणाऱ्याने वेगळा सोसायचा असतो. काकीला घर मिळालं असतं, तरी आमच्या वाट्यातला एक पैसा कमी झाला नसता.