सर, कंपनी नको, नाव सांगा

फोनवर नाव सांगायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. "सॅम्युअल" म्हणालो की पलीकडची मुलगी म्हणते, "सर, मोबाईलची कंपनी नाही, तुमचं नाव." मग मी एकेक अक्षर फोडून सांगतो, वर आडनाव सांगतो, ते शेवटी 'कर'वालं, की एकदम शांतता. "ख्रिश्चन का?" नाही हो, ज्यू, बेने इस्रायल, अलिबागकडचे. "अय्या, मग मराठी इतकं छान कसं?" आता काय सांगू, लहानपणापासून घरात शिव्यासुद्धा मराठीतच खाल्ल्यात.

आमचे पूर्वज हुशार होते. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, आणि नावांना सरळ 'जी' लावून मोकळे झाले. सॅम्युअलचा सामाजी, एझिकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनीच बांधलं, त्याला आपले लोक मशीद म्हणायचे आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे माणूस सामाजी, बांधली मशीद, धर्म ज्यू, हे केवायसीच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते बसवा.

बरं, बायबलमधल्या सॅम्युअलच्या मूळ गोष्टीतही घोळच आहे. हन्नाला मूल नव्हतं, शिलोच्या मंदिरात बिचारी नुसते ओठ हलवून प्रार्थना करत होती तर एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय. पुढे मुलगा झाला आणि देवाकडे मागून घेतला म्हणून नाव ठेवलं शमुवेल, म्हणजेच सॅम्युअल, पण 'मागितलेला' हा अर्थ खरा तर शौल या नावाचा, ज्याला पुढे ह्याच शमुवेलने अभिषेक करून राजा केलं! अभ्यासक म्हणतात शमुवेल म्हणजे बहुतेक 'देवाचं नाव'. आईलाच जिथे कारण नीट सांगता आलं नाही तिथे कॉल सेंटरच्या मुलीला काय बोलणार. आणि त्या पोराला रात्री देव हाक मारतो तर हा उठून एलीकडे पळतो, एली म्हणतो मी नाही बोलावलं बाबा, जा झोप. तीनदा! बँकेत टोकन पुकारतात तेव्हा माझं सेम असंच होतं.

परवा मात्र काउंटरवरच्या ताईंनी 'सॅम्युअल' पहिल्या झटक्यात बरोब्बर टाइप केलं, मला अगदी भरूनच आलं, तेवढ्यात मान वर न करता त्यांनी विचारलं, "वडिलांचं नाव?"

"यहेज्केल."

ताईंनी कीबोर्डच माझ्याकडे फिरवला.