‘गो बॅक’ची मुदत

“आवडलं नाही तर सेटिंग्जमध्ये ‘गो बॅक’ दाबा, जुनं विंडोज परत” हे विंडोजची बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती टाकून बघा सांगणाऱ्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. ते बटण चालतं जुनं विंडोज साठवून ठेवणाऱ्या ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरच्या जिवावर, आणि तो १० दिवसांनी आपोआप पुसला जातो. जागा करायच्या नादात डिस्क क्लीनअपमधून आपणच उडवला तर त्याआधीच. डिसम (DISM) या विंडोजमधल्याच टूलच्या कमांडने मुदत ६० दिवसांपर्यंत वाढते, पण ती पहिल्या १० दिवसांतच द्यावी लागते. खरी मेख पुढे आहे. दरम्यान बीटाचं आणखी एक मोठं बिल्ड (नवी सुधारित आवृत्ती) आलं, की त्या फोल्डरमध्ये आधीचं बीटाच जाऊन बसतं. मग मागे गेलात तरी पोचता बीटावरच! तिथून स्थिर आवृत्तीवर यायचं तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून क्लीन इन्स्टॉल, म्हणजे सगळे प्रोग्रॅम नव्याने.

त्यापेक्षा डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून १०० जीबी मोकळे करा (विंडोज ११ला किमान ६४ लागतातच) आणि बीटा तिथे वेगळं टाका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा, आणि कुलूप अडलं तर ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभागही असतात.