'ज्यांना शिकवता येत नाही, ते खेळवतात': एका प्रतिक्रियेला उत्तर

खेळातून शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे मुद्दे असे: मुलं सोंगट्या सरकवायला शिकतात, विषय नाही, बक्षिसाची चटक लागते, वेळ फार जातो, परीक्षेत उपयोग दिसत नाही. इथवर ठीक होतं, वाद घालायला मजा आली असती. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, 'ज्यांना शिकवता येत नाही, ते खेळवतात.' वर हसरा चेहराही टाकलात.

वेळेचं आधी उरकतो, कारण ते मला मान्य आहे. नियम समजावण्यात आणि भांडणं सोडवण्यात अर्धा तास सहज जातो. तेवढ्यात फळ्यावर दोन-चार उदाहरणं झाली असती. झालं? आता त्या वाक्याकडे येऊ.

मला शिकवता येतं की नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? आपली ओळखदेख नाही. मी बरीच वर्षं मुलांना गणित शिकवलंय, आणि त्यातला मोठा काळ तुम्हाला पसंत पडेल अशाच पद्धतीने: 'वजा वजा अधिक' पाठ करा, चला पुढचं उदाहरण. मुलं पाठ करायची आणि उणे तीनमधून उणे पाच वजा करायला दिले की बिनदिक्कत उणे आठ लिहायची. मग मी पत्ते काढले. काळा पत्ता अधिक, लाल पत्ता उणे, ज्याच्या हाताची बेरीज जास्त तो जिंकला, आणि दर पाळीला शेजाऱ्याच्या हातातला एक पत्ता न बघता ओढायचा. एका मुलीकडे काळी दुर्री आणि लाल पंजी होती, म्हणजे एकूण उणे तीन. शेजाऱ्याने नेमकी पंजी ओढली. त्याचं तोंड पडलं आणि ही ओरडली, 'माझ्यातलं गेलं आणि मी वाढले!' मी फळ्यावर लिहिलं: उणे तीन वजा उणे पाच बरोबर दोन. समजावायला काही उरलंच नव्हतं. आता याला तुम्ही 'शिकवता येत नाही' म्हणत असाल तर म्हणा बापडे.

माझं राहू द्या. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ च्या सुमारास, वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यातले भाते वापरून, जमिनीवरच डोलणारं आणि वळणारं एक बुटकं विमान बनवलं. सुरुवातीची गिऱ्हाइकं कोण, तर करमणुकीच्या बागा! १९३४ मध्ये टपाल वाहणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा लष्कराने हीच यंत्रं विकत घेतली आणि त्यांत बसवून वैमानिकांना केवळ उपकरणं बघून उडवायला शिकवलं. त्याच्या कितीतरी आधी, १८२४ पासून, प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून लढाईचा सराव करत होते. या सैन्यांकडे शिकवणारी माणसं नव्हती, असं तुमचं म्हणणं आहे का?

सोंगट्यांबद्दल. २००८ मध्ये गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या, शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या मुलांना त्यांनी एक साधा पट दिला: ओळीने १ ते १० घरं. चकती फिरवायची, एक किंवा दोन येणार. तीनवर असताना दोन आले तर 'चार, पाच' असं म्हणत सरकायचं. दुसऱ्या गटाचा पट तसाच, फक्त आकड्यांऐवजी रंग. सगळा खेळ मिळून तासाभराचा. आकडे म्हणत खेळलेली मुलं मोजण्यात, लहानमोठी संख्या ओळखण्यात, रेषेवर संख्येची जागा दाखवण्यात पुढे गेली. रंग म्हणत खेळलेली गेली नाहीत. सोंगट्या दोन्हीकडे सारख्याच सरकत होत्या, साहेब. चाल खेळताना मुलाला जे करावं लागतं, तेच शिकवायचं असेल तर खेळ शिकवतो. नाहीतर तो नुसता टाइमपास, हे मी लेखात लिहिलंही होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

खरं तर तुमच्या बाजूचं एक झकास उदाहरण होतं. जमीनमालकांच्या भाड्याने बाकीचे कसे कंगाल होतात हे दाखवायला एलिझाबेथ मॅगी यांनी एक खेळ रचला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे मोनोपली आला, आणि लोक दुसऱ्याला कंगाल करण्यातच रमले. तुमच्या जागी मी असतो तर हे लिहिलं असतं. तुम्ही टोमणा निवडलात.

बक्षिसांचं म्हणाल, तर १९७३ चा तो प्रयोग मलाही ठाऊक आहे: चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना प्रमाणपत्र आधी कबूल करून दिलं, आणि पुढे त्यांचं चित्रं काढणंच कमी झालं. पण तारे आणि बिल्ले वाटा असं मी म्हटलंच कुठे? आणि परीक्षेचं रडगाणं मी आज ऐकून घेणार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पत्त्यांच्या त्या डावाचे पूर्ण नियम पुढच्या लेखात देतोय. त्यात खुशाल खोट काढा, फक्त आधी चार मुलं बसवून एक डाव खेळवा.