राइट-क्लिक बंद करून मजकूर सुरक्षित राहत नाही

आमच्या ठाण्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वेबसाइटवर राइट-क्लिक बंद करा, रोबॉट्स.टीएक्सटी फाइल टाका, मजकूर सुरक्षित. तरी कुणी नेलाच तर सोडून द्या, नेटवर टाकलं ते सगळ्यांचं.’ ठाण्याच्या तलावांच्या आठवणी जमवणारी साइट मी सांभाळतो. हा मेसेज वाचून लोक निर्धास्त होतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

राइट-क्लिकची बंदी ब्राउझरमधल्या माउसला. पानं उपसणारा प्रोग्राम माउस धरतच नाही, साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, थेट पान मागतो. अडतो तो मासुंदा तलावावरचा परिच्छेद बहिणीला पाठवू पाहणारा भला वाचक.

रोबॉट्स.टीएक्सटी म्हणजे ‘ही पानं नेऊ नका’ असं बॉटना, म्हणजे आपोआप पानं वाचणाऱ्या प्रोग्रामना, सांगणारी फाइल. ती दारावरची पाटी आहे, कुलूप नाही. १९९४ साली ही पद्धत सुरू झाली ती परस्पर समजुतीवर. २०२२ मध्ये तिचं अधिकृत मानक निघालं, त्यातच लिहिलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी ठरवण्याचं साधन नव्हे. सभ्य बॉट पाटी पाळतो. शिवाय ही फाइल कुणालाही वाचता येते. लपवायच्या फोल्डरची नावं तिच्यात लिहिली की चोराला आयता नकाशा मिळतो.

मग काहीच करता येत नाही? येतं, पण ते सर्व्हरवर. गेल्या पावसाळ्यात आमची साइट रात्री सारखी बसायची. होस्टिंगवाले, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा देणारे, म्हणाले, मोठा प्लॅन घ्या. मी लॉग, म्हणजे कुणी कधी कोणतं पान मागितलं याची सर्व्हरवरची नोंद, उघडला. दोन वाजून गेलेले, एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक), पान ४१, ४२, ४३, सेकंदाला एक. मधे एकही फोटो मागितलेला नाही. माणूस असं वाचत नाही. नाव लावलं होतं गूगलबॉटचं, म्हणजे गूगल सर्चसाठी पानं वाचणाऱ्या बॉटचं, पण नाव कुणीही लावतं. पत्त्यावरून उलटा डीएनएस शोध घेतला, म्हणजे तो पत्ता कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं, गूगलचं डोमेन आलंच नाही. मग एन्जिनएक्समध्ये, म्हणजे पानं पाठवणाऱ्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये, एका पत्त्याला मिनिटाला ३० पानांची मर्यादा घातली. त्यापुढे सर्व्हरचं उत्तर ४२९, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’. ती रांग तिथेच तुटली. मर्यादा फार आवळू मात्र नका, मोबाइल कंपन्यांचे कितीतरी ग्राहक एकाच पत्त्याआड असतात. आणि शेकडो पत्ते बदलत येणारा यातूनही निसटतो, हे कबूल. पण त्याला ते फुकटात जमत नाही.

‘सगळ्यांचं’ हा शब्द मला सर्वात जास्त लागला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणाऱ्याचा हक्क लिहिताक्षणी तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. फोटोंचं पूर्वी वेगळं होतं: प्रकाशनानंतर ६० वर्षांनी ते मोकळे व्हायचे, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही हाच नियम लागू झाला. तेव्हा रायलादेवी तलावाच्या काठी लहानपण गेलेल्या बाईंनी चार वह्यांत लिहून दिलेल्या आठवणी त्यांच्याच आहेत. त्यातली तीन पानं दुसऱ्या साइटवर दिसली, तेव्हा मूळ तारखा आणि तो लॉग जोडून मी त्या साइटच्या होस्टिंगवाल्यांना पत्र लिहिलं. पानं उतरली. बाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आता पाचवी वही देऊ ना?’