मालकाचं उत्तर: "टिटव्या तर आमच्या सोसायटीतही आहेत"

नमस्कार ताई,

तुमचं मत रविवारीच वाचलं होतं. तेव्हाच लिहायला बसलो, पण बायको म्हणाली, आज राहू द्या, रागात काहीतरी लिहून बसाल. म्हणून आज बुधवार उजाडला.

ज्यांनी मूळ तक्रार वाचली नसेल त्यांच्यासाठी: मे महिन्यात आम्ही बडोद्यातली तेरा ते सतरा वयाची २२ मुलं घेऊन जामनगरच्या किनाऱ्यावर पाच दिवसांचं पक्षी शिबिर केलं. ताईंनी त्याला एक तारा दिलाय. पोस्टरवर हजारो रोहित (फ्लेमिंगो), प्रत्यक्षात टिटव्या. वेळापत्रक रोज वेगळं. चौथ्या दिवशी मुलं उन्हात ताटकळली. आमच्या मार्गदर्शक मुलीने त्यांच्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं. आणि जेवणात वरण-भात नाही.

उन्हापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझ्याकडे सबब नाही. खिजडियाच्या पक्षी अभयारण्यातून परतताना बस पन्नास मिनिटं उशिरा आली. मुलं वेड्या बाभळींच्या सावलीत उभी होती, आणि त्या सावलीला सावली म्हणणं म्हणजे थट्टाच. पाण्याचे दोन्ही जार बसमध्येच राहिले होते. सहा मुलांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. कुणाला काही झालं नाही हे आमचं नशीब, नियोजन नव्हे. तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा ही चूक मोठी आहे. यापुढे जार बसमध्ये नाही, मुलांबरोबर राहील, आणि साडेदहानंतर कुणी उघड्यावर नसेल.

पोस्टरचंही तुमचं बरोबर. तो फोटो जानेवारीतला आहे. डिझाइन करणाऱ्याने लावला, मला दिसला, छान वाटला, आणि मी हो म्हटलं. मे महिन्यात रोहित दिसतात, पण दहा-वीसच्या घोळक्यात आणि लांब. क्रॅब प्लोव्हरचं नाव तर छापायलाच नको होतं. हा काळा-पांढरा, जाड चोचीचा पक्षी हिवाळ्यात कच्छच्या आखातात असतो. उन्हाळा लागला की बहुतेक सगळे ओमान-इराणकडच्या वाळूच्या बेटांवर जातात, तिथे जमिनीत बीळ खणून एकच पांढरं अंडं घालतात. आपण मुलांना न्यायचं आणि त्याच वेळी तो घरी गेलेला. हे मला माहीत होतं, तरी छापलं.

मग शिबिर मे महिन्यात का, असं तुम्ही विचाराल. सुट्टी तेव्हा असते म्हणून. यात पक्ष्यांचा काही संबंध नाही. पण उन्हाळ्यातलं काही हिवाळ्यात दिसत नाही हेही खरं. मे महिन्यात अजून उत्तरेकडे न निघालेले चिखल्या (किनाऱ्यावरचा छोटा पक्षी) पाहिलेत का? हिवाळाभर मातकट दिसणारा हा पक्षी निघायच्या आधी छातीवर विटकरी रंग चढवतो. पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र बरीचशी उत्तरेकडे जातच नाहीत, इथेच रेंगाळतात. दहावी झालेल्या मुलांसारखी, असं आमच्यातला एकजण म्हणाला होता.

वेळापत्रकावर मात्र मी ठाम आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपण सोमवारी अमुक वाजता किनाऱ्यावर गेलो, म्हणून समुद्र मंगळवारी त्याच वेळी येत नाही. ओहोटीला पक्षी चिखलावर किलोमीटरभर पसरतात, दुर्बिणीतूनही तिळाएवढे. भरती चढली की पाणी त्यांना ढकलत किनाऱ्याजवळ आणतं, तेव्हा ते जवळून दिसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते, पाणी पुरेसं चढत नाही; अमावास्येला ते जास्त चढतं, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या पाहून तारखा ठरवल्या होत्या. नरारा बेटावर याच्या उलट: तिथे प्रवाळ आणि खेकडे पाहायचे, तर ओहोटीच हवी. ती सकाळी लवकर होती, नरारा जामनगरपासून साठेक किलोमीटर, म्हणून मुलांना पहाटे साडेचारला उठवलं. हे पालकांना आधी एका कागदावर लिहून द्यायला हवं होतं. दिलं नाही. पुढच्या वेळी देईन.

आता टिटवी.

आमच्या घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवरही टिटवी आहे, ताई. रात्री दोनला ओरडते. बडोद्यात ती सगळीकडे असते. पण मिठागराच्या कडेला त्या दिवशी मुलांनी जे पाहिलं ते मी स्वतः सतरा वर्षांत तीनदाच नीट पाहिलंय. टिटवीची अंडी उघड्यावर असतात, सहसा चार, खड्यांच्या रंगाची. उन्हाळ्यात दुपारी ती अंडी उबवत नसते, त्यांना सावली देत असते. मध्येच उठते, पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, आणि ओली येऊन पुन्हा अंड्यांवर बसते. त्याच मिठागरावर लांब पायांचे शेकाट्या पक्षीही हेच करत होते. मुलं वीस पावलं लांब बसली होती, आणि तुमच्या मुलानेच फेऱ्या मोजायला सुरुवात केली.

मग त्याला जवळून फोटो हवा होता. तो उठून निघाला. माणूस जवळ आला की टिटवी उडते आणि डोक्यावर आरडाओरडा करत राहते. तेवढा वेळ अंडी भर उन्हात. तापलेल्या खारट मातीवर अंडं उकडायला गॅस लागत नाही. कावळे तर आपल्याच पायांचे माग बघत असतात. म्हणून आमची मार्गदर्शक मुलगी ओरडली. "मागे ये" हे तिचं ओरडणं मी मागे घेणार नाही, पुढच्या वेळीही ती ओरडेल. टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, पण उकडलेल्या अंड्यापुढे तिचंही काही चालत नाही. मात्र संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत तिने तोच विषय पुन्हा काढला आणि इतर मुलं हसली, ते चुकलं. तिने मला स्वतःहून सांगितलं. चौदा वर्षांच्या मुलाला चारचौघांत दोनदा ऐकवायचं नसतं. ती तुमच्या मुलाशी बोलू इच्छिते, तुमची हरकत नसेल तर.

जेवणाबद्दल: पाच दिवस वरण-भात मिळाला नाही हे खरं. मी मुद्दामच नाही ठेवला. घुघरे (तिखट सारणाच्या तळलेल्या करंज्या) मात्र तिखट होते, आणि त्यावर मुलांनी जी गर्दी केली ती पाहिली असती तर तुम्ही हे वाक्य लिहिलं नसतं.

शुल्क ८,५०० होतं. बसच्या त्या दिवसाचे १,७०० सगळ्या २२ घरांना परत जातील, तक्रार केली असो वा नसो. पावती शोधू नका, वहीत नावं आहेत. दांडिया बाजारच्या ऑफिसात संध्याकाळी पाचनंतर असतो.

आणि रोहितांऐवजी दुसरं काहीतरी: डभोईजवळचा वढवाणा तलाव, १९१० मध्ये गायकवाडी राज्यात सिंचनासाठी बांधलेला, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. जानेवारीत तिथे पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) उतरतात. शिबिरातल्या मुलांना मी एका रविवारी सकाळी घेऊन जाणार आहे, पैसे नाहीत. तुम्हीही या. तारा वाढवायची गरज नाही, एकच राहू द्या, फक्त "जार बसमध्ये होते" हे तुमच्या मजकुरात जोडा. पुढचं शिबिर विचारणाऱ्या पालकांना ते कळायला हवं.