आज रात्री छत्तीस!

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की न्यू जर्सीतले आम्ही बागवेडे फराळाच्या याद्यांआधी हवामानाचा अंदाज बघतो. 'आज रात्री 36 फॅरनहाइट' दिसलं की जेवणावरून लक्ष उडालंच. घरचे म्हणतात, "पाणी तर 32 ला गोठतं!" गोठतं हो, पण अंदाजातला आकडा जमिनीपासून पाचेक फुटांवरच्या हवेचा. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आपली ऊब आभाळाला वाटून टाकते आणि पानं हवेपेक्षाही गार पडतात, म्हणून 36 च्या रात्रीही त्यांच्यावर फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, धरू शकतं. लोक टिपूर चांदण्यावर खूश असतात, तेव्हा आम्ही ढगांसाठी नवस बोलत असतो.

कढीपत्ता छत्तीसची वाट बघत नाही. रात्रीचा पारा 50 च्या खाली जाऊ लागला की त्याला घरात घ्यायचं. आधी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत. हे टाळलं, तर खवले कीड आणि पिठ्या ढेकूण हीटरच्या उबेत सुखाने संसार थाटतात. दक्षिणेची खिडकी त्याचीच. सोफा हलवावा लागला तर हलवावा. एवढा मान घेऊनही हा जावई पानं गाळतोच. गाळतो उजेड कमी झाला म्हणून. आपण मात्र 'तहानलाय बिचारा' म्हणत रोज पाणी घालतो आणि मुळं कुजवतो. वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी नाही, वसंतापर्यंत खत नाही.

कार्ली, दुधी उतरवून मोकळे व्हा. मांडवाला पुरेल एवढी चादर कुणाकडे असते? टोमॅटोंपैकी फिकट हिरवे, चकाकी आलेले तेवढेच घरात पिकतात: कागदावर, एका थरात, फ्रिजबाहेर. बाकीच्यांची दाण्याचं कूट घालून चटणी.

मिरच्या-वांग्यांना पांघरूण. दुपारीच माती भिजवावी, ओली माती ऊब जास्त धरते. काठ्या रोवून चादर जमिनीपर्यंत सोडायची, कडांवर विटा. बुंध्याशी गाठ मारून बांधलेली चादर, माझ्या मते, निव्वळ मनाचं समाधान: ऊब येते जमिनीतून, आणि तिचीच वाट आपण बंद करतो. प्लास्टिक जिथे पानाला टेकेल, तिथलं पान गेलंच समजा. हॅलोविनमुळे शेजारच्या अंगणांत पांढरी भुतं उभीच असतात, त्यामुळे आपल्या चादरींबद्दल कुणी विचारत नाही. ऊन चढलं की काढायच्या मात्र आठवणीने, नाहीतर आत झाडं उकडतात.

मेथी-पालकाची काळजी नको, हलका फ्रॉस्ट ते पचवतात.

आणि त्या गडबडीत बागेतल्या नळाला लावलेला होज (पाण्याची नळी) काढा, घराच्या आतला त्याचा कॉक बंद करून पाइप रिकामा करा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. होज तसाच राहिला तर ते भिंतीतल्या पाइपात फुगून पाइप फोडतं, आणि हे कळतं एप्रिलमध्ये, बागेत नळ सोडल्यावर, तळघरातून.