पेल्याआधीचा माणूस

गोव्यातल्या नव्या मराठी कथाकारांचे लेखन मी आवर्जून वाचतो, आणि त्यातल्या बऱ्याच कथांत दारू येते. ती यायलाच हवी. काजूच्या हंगामात जिथे गावोगाव भट्ट्या लागतात, हुर्राकाची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, वाट पाहिली जाते आणि न पिणाऱ्याच्या घरातही सर्दी-पडशासाठी फेणीची बाटली ठेवलेली असते, तिथल्या कथेतून दारू वगळणे हा खोटेपणा ठरेल. माझी तक्रार वेगळी आहे. कथेत दारू आली की लेखक माणसाकडे पाहायचे थांबतो. नायक पिऊ लागला, मग नोकरी गेली, मग बायकोचे दागिने गेले, मग तो स्वतः गेला. प्रत्येक घसरणीचे कारण एकच, आणि तेही वाचकाला आधीपासून ठाऊक असलेले.

हा साचा आपल्याला सुधाकराने दिला असे सर्रास म्हटले जाते, पण तो गडकऱ्यांवर अन्याय आहे. ‘एकच प्याला’तला सुधाकर हुशार आणि तितकाच मानी वकील आहे, त्याची सनद काही काळासाठी रद्द होते, तो अपमान त्याला सोसवत नाही आणि नेमक्या त्या वेळी तळीराम त्याला पेल्याची वाट दाखवतो. म्हणजे पेल्याआधी दुखावलेला मानीपणा आहे. शिवाय नाटकाला पाच अंक मिळतात. दहा वर्षांचा ऱ्हास आठ पानांत कोंबणाऱ्या कथाकाराच्या हाती मात्र घटनांची जंत्रीच उरते.

एडगर ॲलन पो यांची १८४३ सालची ‘द ब्लॅक कॅट’ या दृष्टीने पुन्हा वाचावी. तिचा निवेदक आपल्या अधःपाताचे खापर दारूवर फोडतो, आणि लाडक्या मांजराचा डोळा काढतो तेव्हा तो खरोखरच झिंगलेला असतो. पण त्याच मांजराला तो फासावर लटकवतो ते एका सकाळी, शुद्धीत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. ही दोन कृत्ये शेजारी ठेवली की त्याची सबब टिकत नाही.

प्रेमचंदांच्या ‘कफन’मधले घिसू आणि माधव सुनेच्या कफनाचे पैसे पिऊन टाकतात, हे सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्याआधीचे दृश्य अधिक भयंकर वाटते. ती आत प्रसूतिवेदनांनी तडफडत असते आणि हे बापलेक दाराशी भाजलेले बटाटे खात बसलेले असतात. आत गेलो तर दुसरा जास्त खाईल या भीतीने माधव उठतही नाही. तोवर दोघांपैकी कोणी घोटभरही प्यालेला नाही. उलट पुढे गुत्त्यावर, पोट भरल्यावर, उरलेल्या पुऱ्या माधव एका भिकाऱ्याला देतो आणि देण्यातला आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळतो. दारूला खलनायक ठरवून बसलेल्या लेखकाला हा प्रसंग सुचणे शक्य नाही.

गोव्याच्या लेखकावर तर याची जबाबदारी जास्तच आहे. झोकांड्या खाणारा, हसवणारा गोवेकर हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षे दाखवला. त्याला उत्तर म्हणून आपण रडवणारा दारुडा उभा केला, तर माणूस दोन्हीकडे हरवलेलाच राहतो.

सत्तरी तालुक्यातल्या एका तरुणाची अप्रकाशित कथा अलीकडे वाचनात आली. तिच्यात रात्री अंगणात स्कूटर थांबते, आणि स्टँड एका झटक्यात लागला की दोनदा निसटला, एवढे ऐकून स्वयंपाकघरातली बायको ताट वाढायचे की झाकून ठेवायचे ते ठरवते. नवऱ्यालाही हे माहीत असते, म्हणून तो हल्ली स्कूटर नाक्यावरच ठेवून चालत येऊ लागतो. बाटली एकदाही दिसत नाही, तरी लपवाछपवी, लाज आणि त्या घरातला उरलासुरला जिव्हाळा सगळे कळते. पुढे मात्र यकृत, इस्पितळ आणि पश्चात्तापाचे भाषण येते. ही कथा छापली जावी, आणि शेवटची दोन पाने गाळून छापली जावी, असे मला मनापासून वाटते. तसे मी त्याला कळवलेही आहे.